जपानची शहरे आणि देवळे कॅमेऱ्यात टिपताना : प्रकाशाच्या वेळा धरून आखलेला प्रवास

जपानला कॅमेरा घेऊन जायचे ठरले की बहुतेक जण आधी स्थळांची यादी करायला बसतात. क्योटो या एकाच शहरात सुमारे १६०० बौद्ध मंदिरे आणि ४०० शिंतो देवस्थाने असल्याने ही यादी कधीच पुरी होत नाही. मग दिवसाला पाच-सहा ठिकाणे गाठण्याच्या घाईत प्रत्येक देऊळ भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात आणि माणसांच्या लोंढ्यात टिपले जाते. जुलै महिन्यातल्या माझ्या पहिल्या प्रवासात नेमके हेच झाले. दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, मी यादी निम्म्यावर आणली, प्रत्येक जागी कोणत्या वेळी उभे राहायचे ते घरूनच ठरवले आणि महत्त्वाच्या जागी दोनदा गेले. त्या खेपेची छायाचित्रे आजही मला समाधान देतात. खालील मार्गदर्शन त्याच पद्धतीचे असून टोकियो, क्योटो, नारा आणि हिरोशिमाजवळचे मियाजिमा बेट अशा चार मुक्कामांचा, साधारण अकरा-बारा दिवसांचा प्रवास त्यात गृहीत धरला आहे.

आधी ऋतू ठरवा

चेरीचा बहर टोकियो-क्योटो पट्ट्यात साधारणपणे मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो, तर क्योटोतील मेपलची पाने नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत रंगतात. जून ते जुलैचा मध्य हा पावसाचा काळ आहे. त्यानंतर दमट उन्हाळा येतो आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चक्रीवादळांचा धोका राहतो. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सलग सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यातील ओबोनचा सण आणि नववर्षाचे दिवस या काळात जपानी लोक स्वतः मोठ्या संख्येने प्रवास करतात, म्हणून हे तिन्ही काळ टाळावेत.

छायाचित्रकारासाठी माझी पसंती निःसंशय नोव्हेंबरच्या उत्तरार्धाला आहे, आणि तिचे कारण केवळ लाल पाने नाही. जपानमध्ये घड्याळ उन्हाळ्यात पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये क्योटोचा सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि पहाटेच्या उजेडासाठी साडेतीनला उठावे लागते. नोव्हेंबरच्या वीस तारखेच्या आसपास मात्र सूर्योदय साडेसहाला आणि सूर्यास्त पावणेपाचच्या थोडा नंतर होतो. झोप पुरेशी घेऊनही पहाट आणि सांज दोन्ही हाती लागतात, शिवाय दिवसभर सूर्य आकाशात खालीच राहत असल्याने दुपारच्या सावल्याही लांब आणि मऊ पडतात. याच दिवसांत कियोमिझु-देरा, तो-जी यांसारखी काही मंदिरे रात्रीच्या खास रोषणाईसाठी पुन्हा उघडतात. नववर्षाचे दिवस वगळता डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा दुसरा चांगला पर्याय आहे, कारण तेव्हा गर्दी कमी आणि हवा इतकी निवळ असते की टोकियोतील उंच इमारतींवरून फुजी पर्वत दिसतो.

परवाने, तिकिटे आणि मुक्काम

भारतीय पारपत्रधारकांना जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्यामुळे दोन महिने आधी कामाला लागावे. विमानाचे तिकीट टोकियोला उतरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतण्याचे घ्यावे, म्हणजे आलेल्या वाटेने पुन्हा टोकियोला जाण्यात एक दिवस वाया जात नाही.

परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो हा शिंकान्सेन या वेगवान रेल्वेचा एकेरी प्रवास सुमारे १४,००० येनांत होतो. त्यामुळे वरील मार्गासाठी सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. शहरातील मेट्रो आणि बससाठी सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. अनेक देवळांत प्रवेशशुल्क रोखच घेतात, म्हणून खिशात नाणी आणि हजाराच्या नोटा असू द्याव्यात.

मुक्कामाच्या जागेबाबत थोडा खर्च वाढला तरी चालेल, परंतु पहाटे चालत जाता येईल अशी जागा निवडावी. टोकियोत असाकुसा आणि क्योटोत हिगाशियामा हे भाग त्या दृष्टीने उत्तम आहेत. मोठी बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोहोचवणारी 'ताक्क्यूबिन' सेवा जपानभर चालते. आज दिलेली बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी मिळते. बॅग पुढे पाठवून फक्त कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून प्रवास केला, तर स्थलांतराचा दिवससुद्धा छायाचित्रणासाठी मोकळा राहतो.

बरोबर काय घ्यावे

जपानच्या देवळांसाठी सामान निवडताना सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती ही की बहुतेक प्रसिद्ध मंदिरांत ट्रायपॉडला मनाई आहे. पुष्कळ ठिकाणी एका पायाचा मोनोपॉड आणि सेल्फी-काठीसुद्धा चालत नाही, आणि उंच इमारतींवरच्या प्रेक्षा-कक्षांतही हाच नियम आहे. मी पहिल्या वेळी दीड किलोचा ट्रायपॉड बारा दिवस वाहिला आणि तो जेमतेम दोनदा उघडला. त्याऐवजी स्थिरीकरणाची सोय असलेला कॅमेरा किंवा लेन्स घ्यावी आणि हातात धरून १/८ किंवा १/४ सेकंदाला स्थिर चित्र घेण्याचा सराव निघण्यापूर्वीच करावा. कोपर बरगड्यांना टेकवावे, पाठ खांबाला किंवा भिंतीला लावावी, श्वास अर्धा सोडून थांबावे आणि सलग चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. त्यांतले मधले एखादे हमखास धारदार निघते.

लेन्स दोन पुरतात. २४-१०५ किंवा २४-७० मिमी ही एक, आणि अंधाऱ्या सभागृहांसाठी व रात्रीच्या गल्ल्यांसाठी ३५ मिमीची, जास्त उजेड आत घेणारी एफ/१.८ ही दुसरी. वजन झेपत असेल तर ७०-२०० मिमीची एफ/४ लेन्सही न्यावी, कारण कमानींच्या रांगा आणि एकावर एक चढलेली छपरे जवळ आणून घट्ट बसवण्याचे काम तीच करते. बॅटऱ्या किमान तीन असाव्यात. थंडीत त्या लवकर उतरतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातसामानातच ठेवाव्या लागतात. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असून सॉकेट दोन चपट्या पिनांचे असते. कॅमेऱ्याचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे केवळ पिनांचा अडॅप्टर पुरतो.

ड्रोन घरीच ठेवावा. जून २०२२ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे, दाट वस्तीवर तो उडवण्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि मंदिरांच्या आवारात तो चालतच नाही.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक सूचना स्वानुभवातून देते. वातानुकूलित खोलीतून पहाटे बाहेर पडले आणि थंड लेन्सवर बाहेरच्या दमट हवेचे धुके जमले. पुसावे तर पुन्हा येई. उजेड फुटण्याची ती वीस मिनिटे मी नुसती उभी राहून पाहिली. पुढच्या रात्रीपासून कॅमेरा बंद पिशवीत घालून स्नानगृहाजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवू लागले आणि निघण्यापूर्वी अर्धा तास वातानुकूलन बंद करू लागले.

नियम आणि रीत

जपानमध्ये बौद्ध मंदिरांची नावे बहुधा 'जी' किंवा 'देरा'ने संपतात, तर शिंतो देवस्थानांना 'जिंजा', 'ताइशा' किंवा 'जिंगू' म्हणतात, आणि त्यांच्या वाटेवर 'तोरीइ' ही कमान असते. हा फरक छायाचित्रकारासाठी उपयोगाचा आहे. बौद्ध मंदिरात बाहेरून चित्रे घेता येतात, पण मूर्ती असलेल्या सभागृहात बहुधा बंदी असते. शिंतो देवस्थानात मुख्य गाभाऱ्याच्या समोरून चित्र घेणे वर्ज्य मानले जाते आणि एरवी आवार मोकळे असते. 'सात्सुएइ किन्शी' म्हणजे छायाचित्रणास मनाई. बहुतेक ठिकाणी शब्दांबरोबर फुली मारलेल्या कॅमेऱ्याचे चित्रही असते.

क्योटोतील सांजूसान्गेन-दो या लांबलचक सभागृहात कान्नोन देवतेच्या १००१ मूर्ती रांगांत उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे गरुड, इंद्र, ब्रह्मा यांची जपानी रूपे रक्षक म्हणून आहेत. आत कॅमेरा चालत नाही. तरीही तेथे अवश्य जावे आणि पिशवीत कॅमेरा बंद ठेवून तासभर पाहावे. मंद, एका बाजूने येणारा उजेड सोनेरी लाकडावर कसा सरकतो हे तिथे डोळ्यांना जितके शिकता येते, तितके इतरत्र क्वचितच.

तोरीइच्या वाटेचा मधला पट्टा देवाचा मानला जातो, म्हणून भाविक कडेने चालतात आणि कमानीखालून जाताना किंचित झुकतात. छायाचित्रकाराला मात्र सममितीसाठी नेमकी तीच मधली जागा हवी असते. अशा वेळी कडेलाच उभे राहून सगळी मांडणी पक्की करावी, वाट मोकळी झाली की मध्ये येऊन दोन-तीन चित्रे घ्यावीत, मान झुकवावी आणि पुन्हा कडेला व्हावे.

माणसांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र विनापरवानगी घेणे किंवा प्रसिद्ध करणे जपानमध्ये गंभीरपणे घेतले जाते आणि न्यायालयांनीही व्यक्तीचा हा हक्क मान्य केला आहे. 'शाशिन ओ तोत्तेमो ईई देसु का', म्हणजे 'छायाचित्र घेतले तर चालेल का', एवढे वाक्य पाठ करावे. नकार हाताच्या हालचालीने मिळेल आणि तो हसतमुखाने स्वीकारावा. क्योटोच्या गिओन भागात गेइको (क्योटोतील गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) यांच्या मागे धावणाऱ्या पर्यटकांमुळे रहिवासी इतके त्रासले की खासगी गल्ल्यांत छायाचित्रणास मनाई करून १०,००० येन दंडाचे फलक लावले गेले आणि २०२४ पासून काही खासगी बोळांत पर्यटकांना प्रवेशही बंद झाला. कामावर निघालेल्या त्या स्त्रिया आहेत, हे ध्यानात ठेवून त्यांची वाट मोकळी सोडावी. गिओनची सांज हवी असेल तर शिराकावा कालव्याच्या काठचे दगडी रस्ते, विलोची झाडे आणि पाण्यातले दिव्यांचे प्रतिबिंब हे विषय भरपूर आहेत.

टोकियो : तीन रात्री

पहिल्या सकाळी लवकर जाग येणार नाही, कारण जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. पहिली संध्याकाळ मात्र पुरेपूर वापरावी. असाकुसातील सेन्सो-जी हे टोकियोतील सर्वांत जुने मंदिर असून त्याची परंपरा इ.स. ६४५ पर्यंत मागे जाते. आजचे मुख्य सभागृह १९४५ च्या हवाई हल्ल्यानंतर पुन्हा बांधून १९५८ मध्ये पूर्ण झाले. सभागृह संध्याकाळी बंद होते, पण आवार रात्रभर खुले असते आणि इमारतींवर दिवे असतात. सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटे, आकाश गडद निळे आणि दिवे पिवळे असतात तेव्हा, लाल खांब, निळे आकाश आणि ओली फरशी हे तिन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये (चित्रासाठी घेतलेल्या उजेडाच्या मात्रेत) बसतात. त्यानंतर आकाश काळे पडते आणि चित्रातले छप्पर हरवते.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी पुन्हा तिथेच जावे. कामिनारीमोन दरवाजातला तो प्रचंड लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा आहे. दिवसा त्याच्याखाली उभे राहायला जागा मिळत नाही. पहाटे मात्र सरळ त्याच्या खाली जाऊन वर पाहावे. तळाच्या लाकडी चकतीवर कोरलेला ड्रॅगन दिसतो, जो खालून हजारो लोक जात असूनही फार थोड्यांच्या नजरेस पडतो. पुढे नाकामिसे या दुकानांच्या रांगेत त्या वेळी शटर खाली असतात आणि त्यांवर जुन्या सणांची चित्रे रंगवलेली असतात. दुकाने उघडल्यावर ही चित्रे दिसत नाहीत. दरवाजासमोरच्या पर्यटक माहिती केंद्राच्या आठव्या मजल्यावरची गच्ची विनामूल्य असून तिथून दुकानांची रांग, मंदिर आणि पाच मजली पॅगोडा एका रेषेत दिसतात. ती चौकट संध्याकाळी घ्यावी.

शहराच्या चित्रांसाठी शिबुयाचा चौक आणि शिंजुकु एवढे दोन भाग मला पुरेसे वाटतात. शिबुयात पाऊस पडत असेल तर हॉटेलात बसू नये, कारण पारदर्शक छत्र्या आणि ओल्या डांबरावरचे रंगीत उजेड फक्त तेव्हाच मिळतात. शटर १/४ सेकंदाला आणून, गर्दीत स्थिर उभ्या असलेल्या एका माणसावर फोकस केला की भोवतीची माणसे वाहत जातात आणि तो एकटा स्पष्ट उरतो. शिंजुकुतील टोकियो महानगर शासनाच्या इमारतीत २०२ मीटर उंचीवरचे प्रेक्षा-कक्ष विनामूल्य आहेत. तिथे काचेवरचे प्रतिबिंब हीच खरी अडचण असते. रबराचे हूड काचेला टेकवावे किंवा काळे जाकीट लेन्सभोवती गुंडाळावे, आणि कपडे गडद रंगाचेच घालावेत.

एक तांत्रिक बाब येथे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेकांची चित्रे बिघडतात. जपानच्या पूर्व भागात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, तेव्हापासून ही फाळणी चालत आली आहे. देवळात आवाज होऊ नये म्हणून आपण निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर लावतो आणि कृत्रिम दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी टोकियोत १/५० किंवा १/१०० आणि क्योटो, नारा, मियाजिमा येथे १/६० किंवा १/१२५ सेकंद ठेवले की पट्टे बहुतांशी जातात. पडद्यावर चित्र मोठे करून एकदा खात्री करावी.

टोकियोहून क्योटोला जाताना शिंकान्सेनमध्ये 'ई' क्रमांकाची खिडकी आरक्षित करावी. सुटल्यापासून पाऊण तासाच्या आसपास उजवीकडे फुजी दिसतो. गाडी ताशी २८५ किलोमीटरपर्यंत वेग घेते, म्हणून शटर १/२००० च्या पुढे ठेवावे आणि जवळच्या तारा-खांबांचा अडथळा येणार हे धरून सलग चित्रे घेत राहावे.

क्योटो : पाच रात्री

प्रवासाचा गाभा इथे आहे. रोज एक पहाट, एक दुपार आणि एक सांज एवढाच हिशेब ठेवावा.

पहिली पहाट फुशिमी इनारीला द्यावी. इ.स. ७११ पासूनचे हे देवस्थान चोवीस तास उघडे असून प्रवेश विनामूल्य आहे आणि क्योटो स्थानकातून लोकल गाडीने दुसरेच स्थानक इनारीचे आहे. शेंदरी कमानींची घनदाट रांग मुख्य मंदिरामागून सुरू होते आणि २३३ मीटर उंचीच्या डोंगरावर फिरत जाते. उजाडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. सुरुवातीच्या रांगेत त्या वेळीही दोन-चार छायाचित्रकार असतातच, म्हणून तिथे न रेंगाळता अर्ध्या वाटेवरच्या योत्सुत्सुजी या चौकापर्यंत चढावे. त्यापुढे गर्दी जवळजवळ संपते आणि शेवाळलेल्या दगडी वेदिका, तोंडात किल्ली किंवा पोथीची गुंडाळी धरलेले दगडी कोल्हे आणि झाडांतून तिरका येणारा उजेड आपल्या वाट्याला येतो. पूर्ण फेरीला दोन ते तीन तास लागतात.

वर जाताना कमानींचे खांब कोरे, एकसंध शेंदरी दिसतात. मागे वळून पाहिले की प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरांचा उभा मजकूर असतो, एका खांबावर कमान अर्पण करणाऱ्याचे नाव आणि दुसऱ्यावर तारीख. त्यामुळे एकाच वाटेची दोन वेगळी चित्रे होतात. रंगाचे चित्र चढताना आणि अक्षरांचे उतरताना घ्यावे. जुन्या कमानींचा रंग बुंध्याशी सुटलेला असतो आणि तिथे लाकूड कुजून करडे पडलेले दिसते. गुडघे टेकून त्या जागेचे जवळून एक चित्र जरूर घ्यावे.

शेंदरी रंग कॅमेऱ्याला फसवतो. एकूण एक्स्पोजर बरोबर दिसत असूनही लाल रंगाची माहिती टोकाला जाऊन कापली जाते आणि खांबांवरचा पोत नाहीसा होऊन सपाट नारिंगी पट्टे उरतात. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल असा लावावा, लाल आलेख उजव्या कडेला भिडत असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावीत. अंधाऱ्या कमानींत स्वयंचलित व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल साधणारी सोय) लाल पाहून चित्र निळसर करू पाहतो, त्याला ढगाळ हवेच्या सेटिंगवर बांधून ठेवावे.

दुसरी पहाट कियोमिझु-देराची. हे मंदिर सकाळी सहाला उघडते आणि पहिला पाऊण तास खरोखर शांत असतो. १६३३ साली पुन्हा बांधलेल्या मुख्य सभागृहाचा लाकडी मंच १३ मीटर उंच असून त्याचे खांब आडव्या तुळया खाचांत बसवून, खिळे न वापरता जोडले आहेत. परिचित दृश्य पूर्वेकडच्या ओकुनो-इन सभागृहासमोरून दिसते. तिथून पश्चिमेकडे पाहताना मंच आणि मागे शहर येते. सकाळी सूर्य पाठीशी असतो, मात्र मागे डोंगर असल्याने ऊन मंचावर पडायला सूर्योदयानंतर वेळ लागतो. तोवर खालच्या वाटेवर उतरून खांबांचे जंगल खालून वर टिपावे. माझ्या मते त्या मंदिराची खरी भव्यता वरच्या दृश्यापेक्षा तिथेच कळते. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा यावे, तेव्हा सूर्य शहरामागे जातो आणि छपराची वक्र रेषा काळी, धारदार उमटते.

किंकाकु-जी नऊला उघडते. तिथे पहाट नसल्याने गर्दीला पर्याय नाही, पण दारात आधी येऊन थांबावे. १९५० मध्ये जाळपोळीत नष्ट झालेले हे सुवर्णमंडप १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिले. तळ्याच्या दक्षिणेकडून पाहत असल्याने हिवाळी सूर्य मंडपावर समोरून पडतो. सोन्याचा मुलामा चटकन पांढरा पडतो, म्हणून एक्स्पोजर सोन्यावर मोजावे आणि झाडे काळसर राहिली तरी चालवून घ्यावे. ध्रुवीकरण फिल्टर लावला असेल तर जपून फिरवावा, कारण पानांची चकाकी काढता काढता तो पाण्यातले प्रतिबिंबही पुसून टाकतो.

याच्या उलट रिओआन-जीची पांढऱ्या खड्यांची बाग कॅमेरा करडी दाखवतो आणि तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे लागते. बागेतले १५ दगड ओसरीवरच्या कोणत्याही एका जागेवरून सगळे दिसत नाहीत, एखादा लपतोच. म्हणून सगळी बाग एका चौकटीत कोंबण्याचा हट्ट सोडून दोन-तीन दगड, रेघा आणि तेलकट मातीची जुनी भिंत एवढेच घ्यावे.

उरलेल्या दुपारी आराशियामा, तो-जी किंवा निशिकी बाजार यांपैकी काही करावे, किंवा काहीच करू नये. पहाटे पाचला उठणाऱ्याने दुपारी दोन तास झोपणे हा आळस नाही, ती संध्याकाळच्या कामाची तयारी आहे.

नारा : एक रात्र

क्योटोहून नारा जलद लोकलने पाऊण तासावर आहे, म्हणून बहुतेक लोक दिवसात जाऊन परततात. मी तिथे रात्रभर राहण्याचा आग्रह धरते, कारण संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी आठपूर्वी ते हरणांचे आणि रहिवाशांचे गाव असते.

तोदाइ-जीच्या महाबुद्ध सभागृहात छायाचित्रणास परवानगी आहे, ही क्योटोनंतर मोठीच सुखाची गोष्ट. सुमारे १५ मीटर उंचीच्या या कांस्यमूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी इ.स. ७५२ मध्ये झाला आणि हातात कुंचला धरून ते डोळे रेखणारा भिक्षू बोधिसेन भारतातून गेलेला होता. मूर्तीसमोर उभे राहिले की ही गोष्ट आठवून मन भरून येते. आजचे सभागृह १७०९ चे आहे. हिवाळ्यात ते आठला उघडते, त्या क्षणी आत जावे. दाराजवळ उजेड तीव्र आणि मूर्तीपाशी अंधार असतो, म्हणून दार चौकटीबाहेर ठेवावे, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/४ धरावे, आणि प्रमाण कळण्यासाठी खाली एखादा पाठमोरा भाविक चौकटीत येऊ द्यावा. बाहेरच्या नान्दाइमोन दरवाजातील दोन लाकडी द्वारपाल १२०३ मध्ये उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९ दिवसांत घडवले. त्यांच्यापुढे जाळी आहे. लेन्स जाळीच्या अगदी जवळ नेऊन अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले की ती चित्रात विरघळून जाते.

सूर्यास्ताला निगात्सु-दोच्या पश्चिमाभिमुख सज्जात उभे राहावे. प्रवेश विनामूल्य असून वेळेचे बंधन नाही. समोर महाबुद्ध सभागृहाचे छप्पर, त्यापलीकडे शहर आणि डोंगर दिसतात, आणि पाठीमागे एकेक करून कंदील लागतात.

हरणांची चित्रे पहाटे गवतावर धुके असताना घ्यावीत, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा. हरणे बिस्किटांच्या आशेने पट्टे आणि कागद ओढतात, म्हणून पिशवीची चेन लावलेली असावी. शरद ऋतू हा नरांच्या माजाचा काळ असल्याने शिंगे असलेल्या हरणांपासून अंतर ठेवावे.

मियाजिमा : एक रात्र

इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. मुक्कामाची तारीख नक्की करण्यापूर्वीच ते पाहावे. पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर असताना इत्सुकुशिमा देवस्थानाची तोरीइ तरंगल्यासारखी दिसते, आणि १०० सेंटिमीटरच्या खाली उतरल्यावर चिखलातून चालत तिच्या पायाशी जाता येते. सूर्यास्ताला भरती आणि सकाळी ओहोटी किंवा याउलट, असा दिवस मिळाला तर एकाच मुक्कामात दोन्ही चित्रे होतात. १८७५ मध्ये उभारलेली ही सुमारे १६ मीटर उंचीची कमान जमिनीत पुरलेली नाही. वरच्या तुळयांत दगड भरून केवळ स्वतःच्या वजनावर ती उभी आहे. ओहोटीला जवळ गेल्यावर कापुराच्या झाडाचे ते वेडेवाकडे बुंधे, त्यांना चिकटलेले शंख-शिंपले आणि भेगांत भाविकांनी खोचलेली नाणी दिसतात. नाणी खोचल्याने लाकडाला इजा होते, आपण ते करू नये. बूट पाणी सहन करणारे असावेत. हातात धरून घेतलेल्या चित्रांत पाणी मऊ करण्यासाठी उजेड कमी करणारा गडद एनडी फिल्टर आणि १/४ सेकंद एवढ्यावर भागवता येते.

रोज रात्रीचे काम

कितीही थकवा असला तरी दिवसाची चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय झोपू नये. एक प्रत लहान एसएसडीवर (सुट्या साठवण-डिस्कवर) आणि दुसरी फोन किंवा लॅपटॉपवर असावी, आणि त्या दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नयेत. कार्डे परत येईपर्यंत पुसू नयेत, त्याऐवजी जास्त कार्डे न्यावीत. बॅटऱ्या भराव्यात, लेन्स पुसावी, दुसऱ्या दिवसाचा सूर्योदय आणि पहिली गाडी पाहून ठेवावी.

चित्रे विकण्याचा किंवा जाहिरातीत वापरण्याचा विचार असेल, तर त्या देवस्थानाची लेखी परवानगी आधी मिळवावी. अनेक मंदिरे व्यावसायिक वापरासाठी स्वतंत्र अर्ज मागतात.

शेवटी एक छोटी सवय. प्रत्येक आवारात शिरताना पहिले चित्र प्रवेशपत्रिकेचे किंवा दाराच्या नामफलकाचे घ्यावे, आणि निघताना तळहात समोर धरून एक चित्र घ्यावे. तीन महिन्यांनी संगणकासमोर बसल्यावर शेवाळलेली छपरे आणि दगडी कंदील एकसारखे दिसू लागतात. अशा वेळी या दोन चित्रांच्या मधले सगळे कोणत्या देवळातले, ते लगेच कळते.